अठ्ठेचाळीस दिव्यांखालचं नाव

काळा पडदा ओढलेल्या त्या खोलीत आधी आवाज यायचा आणि मग उजेड. टक्, असा सुपारी कातरल्यासारखा कोरडा, स्वच्छ आवाज; त्याच्या पाठोपाठ उपड्या टबाच्या कडेखालून सुटलेली प्रकाशाची बारीक रेघ; पुन्हा टक्, आणि ती रेघ बोटभर सरकून दुसरीकडे. असं अठ्ठेचाळीस वेळा. त्या उजेडाच्या येण्याजाण्यात सुनंदाताई साळव्यांचा चेहरा क्षणभर दिसायचा आणि नाहीसा व्हायचा: रुंद कपाळ, नाकावर घसरलेला चष्मा, मोजताना नकळत हलणारे ओठ. एखाद्या शांत डोहावर ढगांच्या सावल्या सरकत जाव्यात तशा त्या चेहऱ्यावरून दिव्यांच्या फेऱ्या सरकत जात, आणि अठ्ठेचाळिसावा दिवा विझला की अंधारातून त्यांचा समाधानाचा एक लहानसा हुंकार येई.

त्यांच्या हातांविषयी मला आधी सांगायला हवं. उंचीनं त्या बेताच्या, अंगानं जाडसर, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. पण हात मात्र कुणा सतारियाचे असावेत तसे लांबसडक आणि निवांत. ते कधी घाई करत नसत. वस्तू उचलण्यापूर्वी तिच्यावर एक निमिष थांबत, जणू तिची परवानगी घेत. बावीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी रिले बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली होती. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर मिटणारी आणि उघडणारी पितळी पट्ट्यांची एक लहानशी जोडी. त्या पट्ट्यांमधलं केसाएवढं अंतर चिमट्यानं जुळवणं हे त्यांचं काम. पुढे देशाची दारं उघडली, नवी यंत्रं आली, बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात हजारो रिले मावू लागले, आणि कारखान्यानं एक दिवस सगळ्या बायकांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. "त्या पुष्पगुच्छातली फुलंसुद्धा प्लास्टिकची होती," असं सुनंदाताई सांगत, आणि त्यात कडवटपणा शोधूनही सापडत नसे.

मी तेव्हा कर्वेनगरातल्या एका लहानशा खासगी वस्तुसंग्रहालयात सूची करण्याचं काम करत होते. एका हौशी संग्राहकानं संस्थेला देऊन टाकलेली नाणी, मातीच्या मुद्रा, ताईत, बिल्ले, मणी. सगळ्या वस्तू तळहातावर मावतील एवढ्या. शहर त्या वर्षांत विलक्षण घाईत होतं. कालपर्यंत ज्वारी डोलत होती त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, सकाळच्या धुक्यात गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली कोपऱ्याकोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत होती, आणि आम्ही पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत झिजलेल्या नाण्यांवर भिंग धरून बसलो होतो. ज्या वस्तूंवरचं काहीच वाचता येत नसे त्या एका वेगळ्या खणात जात. त्या खणावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'अवाच्य'.

श्रावणातल्या एका दुपारी, टेबलावरचं ऊन आत्ता आहे आणि आत्ता नाही असं चाललेलं असताना, सुनंदाताई पहिल्यांदा आल्या. पर्समधून त्यांनी एक हातरुमाल काढला, त्याच्या चारी घड्या सावकाश उलगडल्या आणि रुपयाहून थोडं मोठं असं चांदीचं एक पदक माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या एका बाजूला राजाचा मुखवटा होता. उन्हात राहिलेल्या मेणासारखा तो विरघळून गेला होता.

"माझ्या आजोबांचं आहे. पहिल्या महायुद्धात होते ते. अशा पदकाच्या काठावर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं म्हणतात. वाचून द्याल का, मॅडम?"

मी भिंगाखाली काठ फिरवला. नखभर जाडीची ती कड आरशासारखी गुळगुळीत होती. "नाव गेलंय हो," मी म्हणाले. "फार घासलंय कुणीतरी. आता नाही वाचता यायचं."

"गेलं म्हणजे कुठं गेलं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "ठसा मारला की वरचा धातू दबतो तसा खालचाही दबतो. वरचं घासून जाईल, पण खाली थोडा तरी खळगा राहणारच. आमच्याकडे पट्ट्यांवरचे पुसट नंबर आम्ही असेच वाचायचो, टॉर्च आडवा धरून. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. बाजूनं टाकला की सावली पडते."

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते; रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त होऊन वारज्याला लेकीबरोबर राहत होते. चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आई त्यांना घेऊन माहेरी, सिंहगडाच्या बाजूच्या एका खेड्यात आली. शाळेत मामानं नाव घातलं आणि मास्तरांनी वडिलांच्या जागी मामाचंच नाव लिहून टाकलं. तेच नाव पुढे दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर, पेन्शनच्या पुस्तकावर चालत आलं. खऱ्या बापाचं नाव राघू. ते आईच्या तोंडून ऐकलेलं, पण कुठल्याही कागदावर नव्हतं. अण्णा बारा वर्षांचे असताना आईही गेली. जाताना हे पदक हातात देऊन म्हणाली, "बापाची ठेव हाय. जप." अण्णांनी ते जपलं. आई दर वर्षी सुगीनंतर चिंच आणि राख लावून घासायची म्हणून तेही घासत राहिले. पुढे लग्न झाल्यावर बायकोनं घासलं. छप्पन साली घरातले देव गेले, जुने सण गेले, नवी प्रार्थना आली; तरी वर्षातून एक दिवस हे घासणं चालूच राहिलं. ज्या अक्षरांसाठी ते जपायचं तीच अक्षरं त्या मायेच्या हातांनी वर्षानुवर्षं पुसत नेली होती.

"अण्णा काही मागत नाहीत कधी," सुनंदाताई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात आजारातून उठले आणि म्हणाले, सुनंदा, मला एकदा माझ्या बापाचं नाव लिहिलेलं बघायचंय."

निव्वळ काहीतरी करावं म्हणून मी एका परदेशी यंत्राचं माहितीपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. आम्ही ते कधी काळी मागवलं होतं आणि किंमत वाचून फायलीत घातलं होतं. लहान वस्तूंची छायाचित्रं घेण्यासाठी अर्धगोल घुमट. त्याच्या आत सगळीकडून दिवे. संगणकाच्या आज्ञेनं एकेक दिवा लागणार आणि प्रत्येक दिव्याला एक छायाचित्र. मग पडद्यावर बाण फिरवाल त्या दिशेनं उजेड फिरणार. सुनंदाताईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. त्यांचं बोट घुमटावरून एकेका दिव्यावर थांबत गेलं.

"ह्यात आहे काय, मॅडम? दिवे, वायरी, आणि कुठला दिवा केव्हा लावायचा हे सांगणारं कुणीतरी. हे तर मी बावीस वर्षं करत आले."

त्यांनी ते खरंच केलं. श्रावणात सुरू झालेलं काम माघात संपलं. कपडे भिजवायचा मोठा प्लास्टिकचा टब उपडा करून त्याला आतून काळा रंग दिला. तापवलेल्या सळईनं ओळीत भोकं पाडली. प्रत्येक भोकात तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा पांढरा दिवा बसवला. कारखाना बंद होताना भंगारात निघालेले रिले त्यांनी एका खोक्यात भरून घरी आणून ठेवले होते. ते खोकं आता पलंगाखालून बाहेर आलं. जुन्या बाजारातून एक पिवळट पडलेला संगणक आणला. तो चालवायला शिकण्यासाठी त्या आमच्याच गल्लीतल्या क्लासला जाऊ लागल्या, आणि त्यांना "आंटी" म्हणणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या मधल्या बाकावर बसून, वहीत मराठीतून टिपणं काढत, दिव्यांना हुकूम द्यायची भाषा शिकल्या. कॅमेरा माझ्या भावानं परदेशातून आणलेला होता. माझ्या विनंतीवरून संस्थेनं मागची खोली दुपारपुरती दिली. आमचे चिटणीस दर बुधवारी चक्कर टाकत. पहिल्यांदा तो टब पाहून दारातच थबकले आणि म्हणाले, "वा. मग घरी धुणं कशात भिजवता आता?"

"बादलीत," सुनंदाताई म्हणाल्या, आणि पुढची तार सोलू लागल्या.

अपयश काही कमी आलं नाही. पहिल्या वेळी सगळीच छायाचित्रं हलली, कारण रस्त्यावरून बस गेली की टेबल थरथरायचं; मग टेबलाच्या पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आले. एकदा दिव्यांचा क्रमच उलटा लागला आणि आम्ही आठवडाभर खळग्यांना उंचवटे समजत राहिलो. पदकाचा काठ वर राहावा म्हणून ते उभं कशात रोवायचं हा प्रश्न होता. सुनंदाताईंनी डब्यातून कणकेचा उंडा काढला. मी ओरडलेच, "अहो, ओलावा लागेल चांदीला!" त्यांनी शांतपणे उंड्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि त्यात पदक रोवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक मिश्कील, आईसारखी क्षमा होती.

त्या दुपारांमध्ये मला त्या हळूहळू कळत गेल्या. लग्न केलं नव्हतं; का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चहा त्या बशीत ओतून पीत आणि बशी दोन्ही हातांनी धरत. हिवाळ्यात मागच्या खिडकीबाहेरचा शिरीष वाळक्या शेंगा खुळखुळवू लागला की काम थांबवून ऐकत बसत. एखादा दिवा लागेनासा झाला तर चिडत नसत; "काय झालं रे?" असं त्यालाच विचारत. मी वस्तूंकडे पाहत असे ते ओळखण्यासाठी, वर्गात बसवण्यासाठी, चिठ्ठी लावण्यासाठी. त्या पाहत ते वाट बघण्यासाठी. वस्तू आपणहून बोलेल तेव्हा बोलेल, आपण फक्त उजेडाची जागा बदलत राहायचं, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांनी कधी शब्दांत मांडली नाही.

माघातल्या त्या दुपारी काठाचा शेवटचा तुकडा टिपून झाला. पडद्यावर चांदीची एक राखाडी पट्टी होती, निर्जन वाळवंटासारखी सपाट. सुनंदाताईंनी बाण अगदी कडेला नेला. उजेड जमिनीसरपट झाला आणि त्या सपाटीवर सावल्या उगवू लागल्या. आधी काही आकडे. मग हुद्दा. मग इंग्रजी मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर. आम्ही दोघी 'आर'ची वाट पाहत होतो. ते 'के' होतं.

"दिवा बदलून बघू," मी म्हणाले.

त्यांनी बदलला. सगळे बदलले. के, ई, आर, यू. त्यापुढे त्या शिपायाच्या बापाचं नाव, भागू. केरू भागू.

त्यांनी ते नाव पुन्हा एकदा अक्षर अक्षर करून वाचलं. मग त्या म्हणाल्या, "ताई, हा राघू नाही." मला त्यांनी ताई म्हटल्याची ती पहिली वेळ. पदक कणकेतून काढून, पुसून, रुमालात बांधून त्या निघून गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा डोळे जागरणानं सुजलेले होते. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं ते बोलले. "त्यांना सांगू नका. ह्या वयात कशाला? राघू लिहिलंय म्हणा. आता कोण बघायला येणार आहे?"

"मी बघितलंय ना," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला मात्र स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर नाण्यांवरचे लेख वाचण्याची नोकरी केलेली मी, एका म्हाताऱ्या माणसासाठी खोटा लेख वाचायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी त्या अण्णांना रिक्षातून घेऊन आल्या. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हाडांवर सैल झालेली सावळी कातडी आणि पार्सलांवरचे पत्ते वाचून वाचून बारीक झालेले डोळे. जिना चढायला त्यांना पाव तास लागला. सुनंदाताईंनी त्यांना काही सांगितलं नाही. खुर्चीवर बसवलं, त्यांचा हात माऊसवर ठेवला, वरून आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "अण्णा, हे सावकाश बाजूला न्या. उजेड तुमच्या हातात आहे."

बाण सरकला. संध्याकाळचं ऊन नांगरटीवरून उतरावं तसा प्रकाश कलत गेला आणि अक्षरं वर आली. इंग्रजी अक्षरं अण्णा चाळीस वर्षं वाचत आले होते. त्यांनी एकेक अक्षर ओठांत म्हटलं. मग थांबले. बाण मागे नेला, अक्षरं बुडाली. पुढे आणला, तीच अक्षरं पुन्हा आली.

"केरू," ते म्हणाले.

सुनंदाताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते, आणि ते निवांत हात मी पहिल्यांदाच घट्ट आवळलेले पाहिले. "अण्णा, नाव आजोबांचं नाही. मला आधीच कळलं होतं. पण तुम्ही स्वतः बघावं असं वाटलं."

अण्णा पडद्याकडे पाहतच होते. आता हे कोसळणार, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाच्याही आधी काहीतरी दुसरंच आलं. फार लांबून कुणी हाक मारल्यावर माणूस मान वळवतो, तसं.

"केरूचं घर," ते म्हणाले. "सुनंदा, आई मला न्यायची तिथं. सुगी झाली की दर वर्षी. धरणाच्या पलीकडं, डोंगर उतरून. पहाटे निघायचं, पायी. आई म्हणायची, चल, केरूच्या घरी जाऊन येऊ. मला वाटायचं केरूचं घर म्हणजे त्या वस्तीचं नाव. एक बाई होती तिथं. ओट्यावर बसायची. आई अंगणात बसायची. दोघी काही बोलायच्या नाहीत. मग आम्ही परत यायचो. का जायचो, मी कधी विचारलं नाही. लहान होतो."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एक जीप ठरवून निघालो. खडकवासल्याच्या पाण्यावर माघाचं कोवळं ऊन पसरलं होतं. भिंतीवर सहलीला आलेल्यांची गर्दी होती, कणसं भाजल्याचा वास होता. धरण मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, आणि जलाशयाच्या कडेकडेनं आम्ही विचारत विचारत एका वाडीवर पोचलो. "केरूचं घर?" असं अण्णांनी विचारलं की लोक एकमेकांकडे पाहत. शेवटी एका म्हाताऱ्या गुराख्यानं टेकाडाकडे काठी केली.

तिथं एक सारवलेलं अंगण होतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि ओट्यावर जवळजवळ अण्णांच्याच वयाची एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. नाव सोनाबाई. ती केरूची सून निघाली. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, नातवंडं पुण्यात कामाला. अण्णा टोपी काढून ओट्यापुढे उभे राहिले. तेव्हा सुनंदाताईंनी रुमाल उलगडून पदक तिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "आजी, ह्याच्यावर तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे. आम्हाला गेल्याच आठवड्यात कळलं."

सोनाबाईंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी अंगठा काठावरून फिरवला, एकदा, दोनदा. "ह्येच का त्ये?" त्या म्हणाल्या. "राघूची बायकू आणायची त्ये?"

अण्णा अंगणातच खाली बसले.

"मी नव्हं बघितलं तिला," सोनाबाई सांगू लागल्या. "मी नांदाय यायच्या आदी यायची ती. सासूबाई सांगायच्या. माझा सासरा लढाईत गेला तो आलाच न्हाई. राघू आला. त्येच्याच पलटणीतला. पलटणीनं त्येच्या हाती धाडलेलं ह्ये पदक घिऊन सासूबाईंच्या दारात आला, तर सासूबाईंनी हात लावला न्हाई. म्हणल्या, ह्ये घ्येतलं तर माणूस मेला असं व्हतं. न्हाई घ्यायची मी. मग राघू म्हणला, वहिनी, तुम्ही म्हणाल तवा द्येतो, तवर माझ्याकडं ठेव म्हणून ऱ्हाऊ द्या. दरसाल आणायचा. त्यो मेल्यावर त्येची बायकू आणायची, पोराला घिऊन. घासून पुसून, लख्ख. सासूबाई न्हाई म्हणायच्या, ती माघारी जायाची. दुष्काळात राघूनं सोताचं पदक मोडून खाल्लं, म्हणत्यात. पर ह्ये ठिवलं."

वाऱ्यानं अंगणातली टरफलं हलली. सुनंदाताईंनी हळूच विचारलं, "मग ती यायची बंद झाल्यावर?"

"सासूबाई वाट बघायच्या की. सुगी झाली की हितंच बसायच्या, वाटंकडं तोंड करून. मला म्हणायच्या, सोने, आता आली तर घीन मी. मी आल्यावर पंधरा वरसं जगल्या त्या. पर कोण आलंच न्हाई."

अण्णा म्हणाले, "आई गेली होती. मला ठाऊक नव्हतं. मी नातलगाचं घर समजत होतो." आणि बारा वर्षांच्या पोरासारखे हमसून रडले. सोनाबाई काठी टेकत ओट्यावरून उतरल्या, त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"रडू नगंस दादा. आलास न्हवं. राघूचा पोरगा ना तू?"

अण्णांनी डोळे पुसले. "पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"काय?"

"माझ्या बापाचं नाव. पुन्हा एकदा म्हणा."

"राघू," सोनाबाई म्हणाल्या. "राघूचा पोरगा तू. आमच्या घरात समद्यांना ठावं हाय राघू."

आई गेल्यानंतर सत्तर वर्षांनी ते नाव पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाच्या तोंडून त्यांच्या कानावर पडत होतं. कागदावर त्यांना ते कधीच सापडणार नव्हतं, आणि परत येताना जीपमध्ये मी पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर त्याची खंत उरलेली नव्हती. पदक सोनाबाईंकडे राहिलं. सुनंदाताई खिडकीशी बसल्या होत्या. उतरत्या उन्हात पाण्याचा पृष्ठभाग तांबूस झाला होता आणि त्याची थरथर त्यांच्या गालावर उमटत होती. त्या रडत होत्या की हसत होत्या हे मला कळलं नाही; विचारलंही नाही.

त्यानंतर दोन वर्षं, दर सुगीला, त्या अण्णांना सोनाबाईंकडे नेत राहिल्या. तिसऱ्या वर्षी नेण्याजोगे अण्णा राहिले नाहीत, आणि पौषातल्या एका सकाळी, चहाचा कप हातात असतानाच, ते शांतपणे गेले. सुनंदाताई पंधराव्या दिवशी संग्रहालयात आल्या. आमच्या त्या 'अवाच्य' खणाकडे बोट करून म्हणाल्या, "ताई, हा उघडा. एकेक काढून द्या." पुढची कितीतरी वर्षं त्या येत राहिल्या. त्या खणातल्या निम्म्याअधिक नाण्यांना त्यांनी वाचा दिली. उरलेल्यांवर रुसल्या नाहीत. गावोगावच्या लहान संग्रहालयांतून, शाळांतून माणसं विचारायला येत, आणि त्या प्रत्येकाला टब कुठला घ्यायचा, भोकं किती अंतरावर पाडायची, हे कागदावर चित्र काढून देत. त्यांची ती चित्रं घेऊन गेलेल्यांनी पुढे किती घुमट उभे केले, मला माहीत नाही. चिटणिसांनी निवृत्तीच्या भाषणात त्यांचं नाव घेतलं. सुनंदाताई तेव्हा मागच्या रांगेत खाली मान घालून साडीच्या काठाशी चाळा करत बसल्या होत्या.

आता त्या नाहीत. दिवाळीच्या थोडं आधी, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. वारज्याच्या घरी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते आणि भिंतीवर लावायला त्यांचं एखादं चांगलं छायाचित्र आहे का, असं त्यांच्या भाचीनं मला विचारलं. मी संगणकातले सगळे संग्रह धुंडाळले. हजारो छायाचित्रं, प्रत्येक नाणं, मुद्रा, मणी अठ्ठेचाळीस बाजूंनी उजळलेला. त्यांचं एकही नव्हतं. इतकी वर्षं त्या माझ्यासमोर होत्या, आणि त्यांच्याकडे एकदा कॅमेरा वळवावा असं मला सुचलं नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना कळतं, त्यांचा चेहरा आत्ताच थोडा विरळ होऊ लागला आहे. चष्म्याची काडी सोनेरी होती की काळी, मला खात्रीनं सांगता येत नाही. काळ माणसाला असाच नेत असावा, एकदम नाही, एकेका बारकाव्यानं. आणि मागे राहिलेल्यांच्या हाती एवढंच उरतं की जे अजून आठवतं आहे ते आजच कुणाला तरी सांगून ठेवावं, उद्यावर न टाकता.